दीक्षेच्या आधीची शाळा

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे कॅथलिक धर्मगुरू. त्यांची निवड जाहीर झाली तेव्हा विरोधाचे सूर उठले. मला नवल वाटलं ते कौतुक करणाऱ्यांचं. पाद्री असून किती रसाळ मराठी बोलतात, असं भलेभले म्हणत होते. जणू सेमिनरीत कुणी खास शिकवणी लावून त्यांच्याकडून मराठी घोटून घेतलं असावं. वसईच्या माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. दिब्रिटो नंदाखालचे. घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी, भोवती सगळे शेतकरी. सेमिनरीनं लॅटिन, इंग्रजी, तत्त्वज्ञान, ईशज्ञान असं पुष्कळ काही दिलं असेल. पण लोकांच्या मनातलं लोकांसमोर कसं मांडावं, हे त्यांना गावानं आधीच शिकवलं होतं असं मला वाटतं.

धर्मसेवेत आयुष्य घालवलेल्यांची चरित्रं वाचताना आपण सगळेच एका क्षणाच्या शोधात असतो. आगगाडीत भेटलेला अनोळखी माणूस, हातात पडलेलं एखादं पुस्तक, मध्यरात्री ऐकू आलेली हाक. ख्रिस्ती मंडळी त्याला पाचारण म्हणतात. त्या क्षणाच्या ओढीनं आधीची दहा-बारा वर्षं आपण भराभर उलटतो. माझं लक्ष त्याच पानांवर अडतं. मूल ज्या मंडळींत वाढतं, मग ती ख्रिस्ती आळी असो, पुराणिकाचं फिरतं बिऱ्हाड असो की सोवळ्यानं करकचलेलं घर असो, ती मंडळी त्याला धर्ममत किती देतात कोण जाणे; पण लोकांत वावरायची आणि लोकांसाठी देवापुढे बोलायची एक रीत नक्की देतात. पुढे मतं बदलतात, कधी धर्मही बदलतो. ती रीत सहसा बदलत नाही. उलट, जिथे ती टिकली तिथेच त्या माणसाची सेवा लोकांना आपली वाटली, असं महाराष्ट्रातली काही उदाहरणं पाहिली की दिसतं.

वसईपासूनच सुरुवात करू. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला आधी इमारतींचं जंगल लागतं. ते मागे टाकून गास, निर्मळ, नंदाखालच्या बाजूला वळलं की रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, भाजीचे आणि मोगऱ्याचे वाफे, मध्येच एखादं बावखल. बावखल म्हणजे बागायतीसाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरवठा करतं. आळीच्या तोंडाशी पांढरा क्रूस, त्याच्यावर झेंडूची किंवा अबोलीची माळ. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च सोळाव्या शतकातलं. म्हणजे तुकोबांच्या जन्माआधीपासून इथे घंटा वाजते आहे.

या गावांतलं मूल चर्चमध्ये जायच्या आधी घरच्या ओटीवर प्रार्थना शिकतं. संध्याकाळची जेवणं व्हायच्या आधी जपमाळ होते. पुढाकार बहुधा आजीचा. आजोबा भिंतीला टेकून, आई चुलीकडे एक डोळा ठेवून, पोरं पेंगुळलेली. पन्नास वेळा 'नमो मारिया' म्हणताना कुणी मध्येच जांभई दिली तर आजीचा आवाज किंचित चढतो, बाकी काही होत नाही. खरा भाग येतो तो माळ संपल्यावर. आजी एकेकाचं नाव घेऊ लागते. अमक्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्याच्यासाठी. तमकीच्या मुलीचं लग्न जमत नाही, तिच्यासाठी. परदेशी गेलेल्या पुतण्याचं पत्र नाही. पलीकडच्या घरात भावाभावांत बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांच्यासाठी. वारलेल्यांसाठी, आणि मग ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारं कुणी नाही त्यांच्यासाठी.

सात-आठ वर्षांच्या मुलाला यातलं निम्मं कळत नाही. पण रोज संध्याकाळी आळीची सगळी दुखणी त्याच्या कानावरून जातात, तीही नावानिशी. पुढे सेमिनरीत याच कामाला मोठमोठी नावं देऊन ते शिकवतात: मेंढपाळाची सेवा, धर्मग्रामाची ओळख, घरभेटी. ज्या पोरानं आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ही यादी ऐकलेली असते त्याला ते शिकवणं सोपं जातं. ज्यानं ऐकलेली नसते तो नोंदवही ठेवतो. नोंदवही ठेवण्यात वाईट काहीच नाही, पण घरच्या लोकांना फरक लगेच कळतो.

मयताचंही तसंच. गावात कुणी गेलं की आळी कामं वाटून घेते. कुणी घंटा वाजवायला पळतो, कुणी शवपेटीचं बघतो, कुणी पाहुण्यांच्या चहाचं. अंत्ययात्रेत पुढे क्रूस धरून चालायला वेदीसेवक लागतो, आणि तो दहा-बारा वर्षांचा पोरगा असतो. मयताच्या घरी पुढचे काही दिवस रोज संध्याकाळी प्रार्थना असते. शेजारपाजारचे येतात, सतरंजीवर बसतात, प्रार्थना करतात, थोडा वेळ काहीबाही बोलत राहतात आणि उठतात. फार सांत्वन कुणी करत नाही. दुःखातल्या माणसाजवळ नुसतं बसायचं असतं, हे त्या पोराला कुणी समजावून सांगत नाही. तो बघत असतो.

हे सगळं चर्चनं बसवलेलं आहे असं धरून चालण्यात एक गफलत आहे. १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढच्या दोनशे वर्षांत किल्ल्यात एकाहून एक भव्य चर्च आणि मठ उभे राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय पाद्रीही गेले. किल्ल्यातल्या चर्चच्या भिंतींवर वड-पिंपळ उगवले. मागे राहिलेली खेडी आणि त्यांच्या वाट्याला आलेले मूठभर, बहुतेक गोव्याकडचे पाद्री, एवढ्यावर पुढचा बराच काळ निघाला. राजा बदलला, आश्रय गेला, तरी ओटीवरची माळ बंद पडली नाही. ती म्हणवून घ्यायला पाद्र्याची गरजच नव्हती. वसईतून पुढे इतके धर्मगुरू आणि सिस्टर निघाल्या, त्याचं कारण शोधायचं तर मी किल्ल्यात जाण्याऐवजी या ओट्यांकडे बघेन.

वसईच्या मातीतला पहिला मोठा सेवेकरी मात्र किल्ल्याच्याच सावलीत वाढला. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. लहानपणी तो वसईत जेझुइटांच्या हाताखाली शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्यानं इतकी आत्मसात केली की जपानी लोक त्याच्याशी मोकळेपणानं बोलत. जेझुइट संघात आपल्याला बंधू म्हणून घ्यावं ही त्याची इच्छा. पण ज्यांच्या अंगाखांद्यावर तो वाढला त्यांनीच ती पुरी केली नाही. मग तो व्यापारात पडला आणि त्यात चांगला जमही बसवला. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघानं त्याला घेतलं आणि दुभाषा म्हणून परत जपानला पाठवलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर चढवण्यात आलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. गासचं चर्च त्याच्या नावाचं आहे. सणाच्या प्रवचनांत त्याच्या हौतात्म्यावर भर असतो, ते साहजिक आहे. मला त्यातली नकाराची गोष्ट जास्त बोलकी वाटते. बालपणीच्या मंडळींनी दार लावलं, तरी त्यांनी लावलेली ओढ सुटली नाही.

आता पुन्हा विसाव्या शतकात येऊ. दिब्रिटो जन्मले ४ डिसेंबर १९४२ ला. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. वेदीसेवक पोरं लॅटिन उत्तरं तोंडपाठ करून ठणठणीत आवाजात म्हणत. अर्थ विचारला तर सगळे एकमेकांकडे बघणार. घरी माळ मराठीत, भांडणं सामवेदीत, देवाची मुख्य पूजा परभाषेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकभाषांना मोकळीक देणारा दस्तऐवज जाहीर केला तो दिवस होता ४ डिसेंबर १९६३, दिब्रिटोंचा एकविसावा वाढदिवस. हा निव्वळ योगायोग. पण त्या पिढीच्या वसईकर धर्मगुरूंचं सगळं भाग्य या तारखेत आहे. ते लॅटिनच्या काळात वाढले आणि मराठीच्या काळात वेदीवर उभे राहिले. आजीच्या तोंडची भाषा आता वेदीवर चालणार होती, आणि ती ज्यांना जन्मापासून येत होती असे हेच होते.

दिब्रिटोंना १९७२ मध्ये दीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ अशी जवळजवळ पाव शतक त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं. धर्मप्रांताचं मासिक म्हटलं की सणांची वेळापत्रकं आणि बिशपांची पत्रं डोळ्यांपुढे येतात. दिब्रिटोंनी त्यात मराठी लेखकांना बोलावलं, वाद घातले, समाजातले प्रश्न आणले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

आणि मग पाणी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी मोकळा होऊ लागला, टँकरवाले विहिरींतून बेसुमार पाणी उपसू लागले, गोड्या विहिरी मचूळ व्हायला लागल्या. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोक रस्त्यावर आले आणि दिब्रिटो त्यांच्या पुढे होते. धर्मगुरूनं जमीन-पाण्याच्या भानगडीत पडावं का, असा सवाल तेव्हा विचारला गेला. चर्चच्या आतूनही विचारला गेला असणार. विचारणाऱ्यांना बावखल काय असतं हे कळलेलं नव्हतं. शेतकऱ्याच्या पोराला पाणी मचूळ होणं म्हणजे काय हे पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही. केळीची पानं कडेनं करपायला लागली की कळतं. ज्या आळीच्या दुखण्यांची यादी रोज देवापुढे वाचली जायची त्या यादीत आता विहीर आली, आणि तिच्यासाठी कुणीतरी बोलायला हवं होतं, इतका साधा हा मामला होता.

दुसरं नाव बिशप थॉमस डाबरे यांचं. हेही वसईतले, भुईगावचे. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा काढून वसई धर्मप्रांत झाला, त्याचे हे पहिले बिशप; पुढे पुण्याला गेले. डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय निवडला तुकाराम: तुकोबांचा देवानुभव. रोमला शिकलेल्या, ईशज्ञानात मुरलेल्या माणसाला ॲक्विनासवर प्रबंध लिहिणं सोपं गेलं असतं. पण वसईच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाच्या कानावर तुकोबा पडलेले असतातच. निर्मळला तर शंकराचार्यांची समाधी, तळं आणि चर्च एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. कार्तिकातली यात्रा ख्रिस्ती पोरांचीही असते, निदान पाळण्यांपुरती आणि सुकेळ्यांपुरती.

इथवरची माणसं ज्या मंडळींत वाढली त्यांच्यातच सेवेला उभी राहिली. बालपण एका धर्मात आणि सेवा दुसऱ्या धर्मात असेल तर काय होतं, याची कसोटी पाहायची तर एकोणिसाव्या शतकात जावं लागतं.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील तापट, सरकारी नोकरीतले. आई जानकीबाई भाविक, पदं-अभंगांत रमणारी. मुलाच्या मनावर ठसा उमटला तो आईचा, आणि ती तो लहान असतानाच गेली. पुढे नाशिकला संस्कृतचा अभ्यास, भटकंती, व्याख्यानं, कविता. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियनानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सगळी चरित्रं या गाडीच्या डब्यात थांबून श्वास घेतात.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले तेव्हा तिथली बरीचशी गीतं इंग्रजीवरून उतरवलेली, परदेशी चालींवर बसवलेली होती. मराठी माणूस ती गाताना अवघडून उभा राही. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाचे प्रयोग त्यांच्या आधी झालेले होते, हे श्रेय त्या मंडळींना देऊन मग टिळकांकडे वळलं पाहिजे. टिळकांनी आईच्या घरातलं सगळंच चर्चमध्ये आणलं: अभंग, ओवी, भजन, कीर्तन. शेकड्यांनी गीतं लिहिली, ती आजही मराठी प्रॉटेस्टंट चर्चमधून रविवारी गायली जातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते म्हणत. पूल ओलांडून आल्यावर तो जाळून टाकायची बाटग्याकडून अपेक्षा असते, जुन्या मंडळींचीही आणि नव्यांचीही. टिळकांनी तो शाबूत ठेवला आणि त्यावरून ये-जा चालू ठेवली.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १९०४ मध्ये मिशननं त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या हिशेबात न बसणारी ही कल्पना. पण फडावर किंवा दिंडीत चालणाऱ्याला आधी तुझा कागद दाखव असं कुणी विचारत नाही. टिळकांच्या डोक्यात मंडळी म्हणजे काय याचं जे चित्र होतं ते या अशा मराठी मंडळींचं होतं. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.

लक्ष्मीबाईंचं बालपण तर याहून विलक्षण. जलालपूरच्या गोखल्यांच्या घरी सत्तावन्नच्या धामधुमीनंतर वडिलांच्या डोक्यात सोवळं असं काही शिरलं की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतलं जायचं. हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचताना हसू आवरत नाही, आणि हसता हसता जाणवतं की त्या पोरीचा जीव किती घुसमटला असेल. नवरा ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षांनी, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोवर नगरला नवऱ्याजवळ राहूनही त्यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. पण एकदा ते सुटलं म्हटल्यावर असं सुटलं की त्यांच्या घराला दारच राहिलं नाही. दुष्काळातली अनाथ पोरं, भटके कवी, विद्यार्थी, कुणीही यावं. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरात मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंना बालपणीच्या घरानं सेवा शिकवली असं म्हणवत नाही. कसं वागायचं नाही ते शिकवलं, आणि स्वतःवरही हसायची ताकद दिली. पुष्कळ सेवाव्रतींच्या बाबतीत बालपणाचं योगदान हे असं उलट्या बाजूनं असतं. चरित्रकार ते लिहायला बिचकतात.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या आहेत. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. पुढे कर्ज झालं, घर सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं वाचत फिरू लागलं. देवळाच्या मंडपात बसायचं, पोथी उघडायची, संस्कृत श्लोक म्हणायचे. येणारे-जाणारे फुलं, फळं, तांदूळ, पैसे ठेवून जायचे. रमाबाईंनी नंतर लिहिलं आहे की ऐकणाऱ्या पुष्कळांना त्यातलं काही कळत नसे. पवित्र शब्द कानावर पडले की पुण्य मिळतं, एवढ्यावर सगळं चाले. या फिरतीतच १८७४ च्या सुमाराला उपासमारीनं आई-वडील गेले.

आता पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी केडगावला उभ्या केलेल्या मुक्ती मिशनकडे बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. विसावं शतक उजाडलं तेव्हा मुक्तीत दोन हजारांच्या घरात मुली-बायका होत्या. भुकेनं माणूस कसा मरतो हे त्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून मदतीचे अर्ज यायची वाट त्यांनी बघितली नाही. आणि उत्तरायुष्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईनं हट्टानं निवडलं ते साधं, घरगुती मराठी, स्वयंपाकघरातल्या बाईला कळेल असं. मुक्तीतल्या बायकांनीच अक्षरं जुळवून ते छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं. देवळाच्या मंडपात न कळणारं ऐकून तांदूळ ठेवून जाणाऱ्या बायका त्यांच्या नजरेसमोरून कधी हलल्या नसाव्यात, असा माझा तर्क आहे.

या सगळ्याला सणसणीत अपवादही आहे: फादर थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडचा. १५७९ मध्ये गोव्याला आले, चाळीस वर्षं बहुतेक सासष्टीत राहिले आणि १६१६ मध्ये अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून मोकळे झाले. ज्या पुराणाचा बाज त्यांच्या बालपणात कुठेच नव्हता तो त्यांनी कमावला. तेव्हा बालपणाशिवाय हे जमतच नाही असं म्हणायची सोय नाही. चाळीस वर्षं राहायची तयारी मात्र हवी.

बालपणीच्या मंडळींचे इतके गोडवे गाताना दोन गोष्टी झाकून चालणार नाहीत. पहिली जात. वसईत बाप्तिस्म्याला चारशे वर्षं झाली तरी सामवेदी, वाडवळ, कोळी ही ओळख मिटली नाही, आणि लग्नाच्या बैठकीत ती आजही आवाज चढवते. ओटीवरच्या यादीत नावं येतात ती बहुधा आपल्याच आळीतली. तिथून निघालेला धर्मगुरू सगळ्यांचा व्हायला बराच काळ घेतो, काही होतच नाहीत. दुसरी गोष्ट विश्वासाची. वेदीसेवक पोरगा फादरांकडे देवमाणूस म्हणून बघतो, घरचे डोळे मिटून त्याला त्यांच्याकडे सोपवतात. या आंधळ्या विश्वासाचा गैरफायदा जगभरच्या चर्चमध्ये घेतला गेला आणि तो दडपलाही गेला. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी चर्चमध्ये वर कळवणं धर्मगुरूंवर बंधनकारक केलं. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहेच. जवळीक हीच ज्या शाळेची पद्धत आहे तिथे पहारा लागतो, याबद्दल दुमत असू नये. ज्यांना ते चर्चवरचं आक्रमण वाटतं त्यांनी मुलांच्या बाजूनं एकदा विचार करावा.

आणि बायका. माळ म्हणवून घेते आजी, यादी ठेवते आजी, मयताच्या घरी आधी पोचते तीच. पण वेदीवर नातू. मुलींना वेदीसेवक व्हायची परवानगी रोमनं दिली १९९४ मध्ये. वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदं स्त्रियांसाठी खुली झाली २०२१ मध्ये. गुरुदीक्षेचा प्रश्न तर अजून उघडायलाच चर्च तयार नाही. वसईच्या कितीतरी मुली सिस्टर होऊन आदिवासी पाड्यांपासून परदेशातल्या इस्पितळांपर्यंत पसरल्या. त्यांच्यातली कुणी साहित्य संमेलनाच्या मांडवात दिसत नाही, म्हणून त्यांच्या बालपणावर लेखही येत नाहीत. या लेखातही त्यांना शेवटीच जागा मिळाली आहे.

आता ओट्याच कमी होत चालल्या आहेत. पूर्वी सात-आठ भावंडांतला एक सेमिनरीत गेला तर शेत बघायला बाकीचे असत. आता घरात एक-दोन मुलं, आणि त्यातलं एक देवाला द्यायचं म्हणजे घराचं दारच बंद करणं. शेतं विकली गेली, तिथे सोसायट्या झाल्या. अनेक धर्मग्रामांत मराठीबरोबर इंग्रजी मिस्सा असते. सामवेदी समजणारी पण बोलायला लाजणारी पोरं कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, घरांतही भेटतात. दहावी-बारावीनंतर सेमिनरीत गेलेला मुलगा तत्त्वज्ञान, मधली प्रत्यक्ष कामाची फेरी, ईशज्ञान असं करत दहाएक वर्षांनी दीक्षेला पोचतो. तेवढ्यात त्याचं गाव ओळखू येईनासं झालेलं असतं.

जुने लोक याबद्दल हळहळतात. मी इतका हळहळत नाही. नालासोपारा-विरारच्या इमारतींत लघु ख्रिस्ती समूह भरतात: दिवाणखान्यातलं टीपॉय भिंतीला सरकवायचं, दहा-बारा घरांतली माणसं खाली चटईवर बसतात, कुणी मल्याळी, कुणी मंगळुरी, कुणी गोव्याचं, कुणी मराठवाड्यातून आलेलं. बायबलचा उतारा एका भाषेत वाचला जातो आणि त्यावरचं बोलणं चार भाषांत होतं. शेवटी यादी येते. तिसऱ्या मजल्यावरच्याची नोकरी गेली, बी विंगमधल्या आजी पडल्या, कुणाचा मुलगा गल्फला अडकलाय, आणि पाण्याचा टँकर आठवड्यात दोनदाच येतो. कोपऱ्यात मोबाइल लपवून बसलेलं एक दहा वर्षांचं पोरगं हे सगळं ऐकत असतं. त्याला केळीची बाग माहीत नाही आणि पंढरीची वाटही. पण टँकर आला की बादल्या घेऊन कोणाच्या घरी आधी पोचवायचं, हे त्याला आत्तापासून ठाऊक आहे. बी विंगच्या आजींच्या घरी.